डॉ. भीमराव आंबेडकर व श्रद्धेचा पण

महोत्सवाच्या स्मरणिकेत संतांची, दूरदेशाहून आलेल्या धर्मगुरूंची व देवालयाच्या उभारणीस हातभार लाविणाऱ्या सज्जनांची चरित्रे यावीत, हा रूढ प्रघात आहे व तो योग्यही आहे. तेव्हा ज्या पुरुषाने ख्रिस्ती धर्माचा विचार केला, त्याचे गुण व त्याच्या अनुयायांच्या उणिवा पारखून पाहिल्या आणि अखेरीस दुसराच मार्ग धरिला, त्याचे चरित्र ह्या पानांत कशासाठी, असे एखादा भाविक वाचक विचारील. महाड व पोलादपूर ह्या दोन तालुक्यांतील माणसास ह्याचे उत्तर फार दूर शोधावे लागत नाही. देव असला तर लाभच लाभ, नसला तर तोटा काहीच नाही, तेव्हा मानिलेले बरे, असा एक हिशेब आपल्या घरोघरी ऐकू येतो. वडीलधारी माणसे मिस्सेला न जाणाऱ्या तरुणांस तोच सांगतात. ह्या हिशेबाची जितकी कठोर परीक्षा डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यात झाली, तितकी आमच्या मते दुसऱ्या कोणाच्याही आयुष्यात ह्या देशात झाली नाही. आणि त्या आयुष्याचा एक मोठा अंक महाड येथेच घडला.

प्रथम त्या हिशेबाविषयी चार शब्द सांगणे अवश्य आहे. त्याचे बीज फार जुने आहे. परलोकाविषयी संशय असताही पाप टाकणे हेच शहाणपणाचे, कारण फसला तर नास्तिकच फसेल, अशा आशयाचे सुभाषित संस्कृत जाणणाऱ्यांस परिचित आहे. परंतु त्यास गणिताचे रूप दिले ते ब्लेझ पास्काल ह्या फ्रेंच कॅथोलिक पंडिताने. हा सन १६२३ साली जन्मला व १६६२ साली, अवघ्या ३९ वर्षांच्या वयात, पॅरिस येथे निवर्तला. जुगाराचा डाव मध्येच मोडला तर पटावरील पैसे खेळाडूंनी कसे वाटून घ्यावे, ह्या प्रश्नावर १६५४ साली त्याने फेर्मा ह्या दुसऱ्या गणितज्ञाशी पत्रव्यवहार केला आणि त्यातून संभाव्यतेचे गणित जन्मास आले. तेच गणित त्याने श्रद्धेस लाविले. ईश्वर आहे की नाही हे बुद्धीने ठरत नाही असे धरून चला. तरी पण लाविल्यावाचून सुटका नाही, कारण न मानणे हाही एक पणच होय. मानिले आणि तो असला, तर लाभ अनंत. मानिले आणि तो नसला, तर गमाविले ते थोडेबहुत ऐहिक सुख. जेथे लाभ अनंत व मोल परिमित, तेथे संभव कितीही अल्प असो, शहाण्याने मानण्याच्याच बाजूस पण लावावा. त्याच्या मृत्यूनंतर १६७० साली प्रसिद्ध झालेल्या चिंतनांच्या संग्रहात हा युक्तिवाद आहे.

हा युक्तिवाद केवळ शब्दांचा खेळ आहे असे कोणी म्हणू नये. डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांतील लोक दर पावसाळ्यात ह्याच रीतीने विचार करितात, किंवा त्यांनी तो करावा अशी तहसील कचेरीची नोटीस असते. घर, गुरे, चूल सोडून शाळेच्या इमारतीत राहावयास जाणे ही हानी निश्चित. दरड कोसळण्याचा संभव त्या एका रात्रीपुरता अल्प. तथापि कोसळली तर सर्वस्व जाणार. ता. २२ जुलै १९२१ रोजी नव्हे, आपल्याच डोळ्यांदेखत ता. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथे डोंगर खाली आला. त्या दिवसापासून अल्प संभवाची थट्टा ह्या भागात कोणी करीत नाही.

परंतु दरडीच्या नोटिशीत आणि धर्माच्या पणात एक मोठे अंतर आहे. नोटीस एकच असते. समजा, एक दवंडीवाला सांगतो की माथ्यावर जा, दुसरा सांगतो की नदीकडे उतरा, तिसरा म्हणतो की जागचे हलाल तर मराल. आणि प्रत्येकजण आपले न ऐकणाऱ्यास सारख्याच घोर परिणामाचे भय घालतो. मग ते गणित काय कामाचे? पास्कालच्या पाटीवर दोनच रकाने होते, कॅथोलिक धर्म आणि नास्तिक्य. कारण त्याच्या पॅरिसमधील जुगारी मित्रांपुढे तिसरा रकाना खरोखर नव्हताच. पुढल्या शतकात दिदरो ह्या फ्रेंच तत्त्वज्ञाने हेच व्यंग दाखविले की एखादा इमामही हाच हिशेब तितक्याच जोराने मांडील. युरोपात हा आक्षेप ग्रंथातच राहिला. मुंबईस मात्र सन १९३५ च्या शरदऋतूत तो एका माणसाच्या दारात, पत्रे, तारा व शिष्टमंडळे ह्यांच्या रूपाने, साक्षात येऊन उभा राहिला.

तो माणूस मूळचा आपल्याच बाजूचा. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात, म्हणजे महाडहून सावित्री खाली उतरत बाणकोटास जाते तिच्या दक्षिणेस आहे. त्यांचा जन्म ता. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी मालोजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते व कबीरपंथी होते. निवृत्तीनंतर कुटुंब काही काळ दापोलीस व पुढे साताऱ्यास राहिले. तेथे आई भीमाबाई लहानपणीच अंतरली. घरात पहाटे भजन, सायंकाळी अभंग व दोहे, रामायण-महाभारताचे वाचन असा कडक नेम होता. मुलगा विचारी असे की ज्या पुराणांत आपल्यासारख्या हलक्या मानिलेल्यांस कमी लेखिले आहे ती आपण का वाचावी. आणि वडील द्रोणाचे व कर्णाचे उदाहरण देऊन सांगत की न्यूनगंड घालविण्यासाठी वाचावी. म्हणजे धर्मग्रंथाचे समर्थन त्याच्या फळावरून करणे ही रीत त्या घरात लहानपणीच ठाऊक झाली होती. सन १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळूसकर ह्यांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांस भेट दिले. ते पुस्तक सबंध आयुष्यभर मनात कोठेतरी जागे होते.

पुढील शिक्षणाची हकीकत सर्वश्रुत आहे, ती येथे थोडक्यात आटोपतो. एल्फिन्स्टन कॉलेज, बडोदे सरकारची शिष्यवृत्ती, १९१३ पासून १९१६ पर्यंत न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठ, नंतर लंडन, डॉक्टरेट व बॅरिस्टरी. एक गोष्ट मात्र विषयास धरून आहे. कोलंबियात त्यांस जॉन ड्यूई गुरू लाभले. कोणतीही समजूत तिच्या परिणामांवरून तपासावी, रूढीच्या वयावरून नव्हे, ही ड्यूईंच्या शिकवणीची दिशा होती. आंबेडकरांच्या पुढील लेखनात तिची खूण जागोजाग दिसते.

आता महाड. मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादुर सीताराम केशव बोले ह्यांच्या ठरावाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे व धर्मशाळा अस्पृश्य मानिलेल्या लोकांस खुल्या झाल्या होत्या; महाड नगरपालिकेनेही १९२४ च्या आरंभी चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. कागद खुला झाला, तळे बंदच राहिले. गुरे पाणी पीत, इतर धर्मांचे लोक पाणी नेत, आणि ज्यांच्या करातून तळ्याची डागडुजी होई त्यांपैकी काहीजणांस मात्र काठाशी जाण्याची मनाई होती. ता. १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडास भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस ह्या मंडळींनी तिची तयारी केली होती. दुसऱ्या दिवशी हजारो माणसे रांगेने तळ्यावर गेली आणि डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्यायले. मग गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जेवणाच्या मांडवात व परतीच्या वाटांवर लोकांस मारहाण झाली. उलट हात उचलण्याची परवानगी मागणाऱ्या आपल्या माणसांस, ज्यांत पलटणीत लढून आलेले कित्येक होते, डॉक्टरसाहेबांनी आवरून धरिले. तळे पंचगव्याच्या घागरी ओतून शुद्ध करण्यात आले. ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबरात ते पुन्हा आले. मुंबईहून बोटीने दासगाव बंदरास उतरून सर्व मंडळी पायी महाडास पोचली. परिषदेस जागा मिळू नये अशी गावात खटपट झाली होती. अखेर फत्तेखान नामक एका मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. ता. २५ डिसेंबर रोजी, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ह्या ब्राह्मण सहकाऱ्याने मांडिलेल्या ठरावानुसार, मनुस्मृतीचे दहन झाले. आपल्या घरी गोठा-गव्हाणीची सजावट पाहून गोडधोड खाण्याचा जो दिवस, त्याच दिवशी हे घडले, हे आम्हांस ठाऊक असावे. तळ्यावर जाण्याचा सत्याग्रह मात्र तहकूब झाला, कारण दिवाणी न्यायालयाने मनाईहुकूम काढिला होता. हजारो माणसे तुरुंगात जाण्यास तयार असता, तळे खाजगी मालकीचे नाही हे सिद्ध करण्याची संधी न्यायालयात आहे असे पाहून त्यांनी पाऊल मागे घेतले. पुढे दहा वर्षांनी, ता. १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की अस्पृश्यांस वगळण्याची वहिवाट अनादि कालापासूनची असल्याचे प्रतिपक्षास सिद्ध करिता आले नाही. 

ह्या दोन परिषदांचा विस्तार एवढ्यासाठी केला की ह्या पुरुषाच्या स्वभावातील हिशेबीपणा वाचकांच्या ध्यानी यावा. केव्हा सर्वस्व पणास लावावे आणि केव्हा हात आखडावा, हे त्यांस कळत होते. भावनेच्या भरात उडी घेणारा किंवा गर्दीच्या टाळ्यांस भुलणारा तो माणूस नव्हता. अशा माणसाने धर्म बदलण्याचे ठरविले, तर तो निव्वळ संताप असेल हे संभवत नाही.

नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू झाला व पाच वर्षे चालूनही दार उघडले नाही. ता. २७ मे १९३५ रोजी त्यांच्या पत्नी रमाबाई वारल्या. त्या भाविक होत्या. एकदा पंढरपुरास जावे, विठोबाचे दर्शन घ्यावे, ही त्यांची इच्छा होती. जेथे आपल्यास देवळाच्या बाहेरच उभे राहावे लागते तेथे जाऊन काय करावयाचे, म्हणून पतीने नेले नाही. चरित्रकारांनी ही गोष्ट एकदोन ओळींत सांगितली आहे. आमच्या मते धर्माच्या लाभहानीचा कोणताही तक्ता मांडताना ह्या बाईचे न झालेले दर्शन कोणत्या रकान्यात घालावे, हा प्रश्न पास्कालच्या गणिताहून कठीण आहे. पास्कालने भाविकाच्या हानीच्या बाजूस चैनीचे काही प्रहर लिहिले होते. येथे धर्म पाळणाऱ्याच्याच हानीच्या बाजूस अपमान, बंद विहीर आणि बंद दार होते.

ता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास त्यांनी जाहीर केले की आपण हिंदू म्हणून जन्मलो हे आपल्या हाती नव्हते, परंतु हिंदू म्हणून मरणार नाही. आणि मग वर सांगितलेली ती तारापत्रे येऊ लागली. मुंबईच्या मेथॉडिस्ट बिशपांनी स्वागत केले. मुसलमान पुढाऱ्यांनी आमंत्रण धाडिले. अमृतसरहून शीख धुरीणांचे बोलावणे आले. सारनाथच्या महाबोधी सभेने बौद्ध धर्माची वाट दाखविली. महात्मा गांधींस हे सर्व रुचले नाही. धर्म म्हणजे इच्छेस येईल तेव्हा बदलावयाचे घर किंवा अंगरखा नव्हे, असे त्यांचे म्हणणे पडले. अनेकांनी उघड टीका केली की हा धर्म नसून सौदा आहे.

ह्या टीकेचा आपणांसही अनुभव आहे. आमच्या वाडवडिलांनी तांदळासाठी वा नोकरीसाठी स्नानसंस्कार घेतला, हा टोमणा कोकणातील ख्रिस्ती माणसाने कधी ऐकिला नाही असे नाही. म्हणून डॉ. आंबेडकरांचे उत्तर आपण नीट ऐकावे. सन १९३६ च्या मे महिन्याच्या अखेरीस मुंबईस भरलेल्या परिषदेत त्यांनी आपल्या लोकांपुढे दीर्घ भाषण केले. ते मुक्ती कोन पथे ह्या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात त्यांनी लाभहानीची चर्चा टाळिली नाही, उलट उघड मांडिली. दुबळ्या समाजास मनुष्यबळ, द्रव्यबळ व मानसिक बळ ही तीन बळे हवीत, ती एकाकी राहून मिळत नाहीत, दुसऱ्या समाजात विलीन होऊन मिळतील, असा त्यांचा मुद्दा होता. परंतु केवळ व्यावहारिक बाजू मांडून ते थांबले नाहीत. धर्म माणसासाठी आहे, माणूस धर्मासाठी नव्हे. ज्या धर्मात माणसास माणूस म्हणून किंमत नाही तो त्याच्या आत्म्याचेही कल्याण करू शकत नाही, असे त्यांनी प्रतिपादिले. अखेरीस, मी सांगतो म्हणून नव्हे तर तुमच्या बुद्धीस पटले तर या, असे सांगताना बुद्धाने आनंदास केलेल्या अंतिम उपदेशाचा त्यांनी आधार घेतला.

येथे पणाच्या युक्तिवादातील आणखी एक अडचण उघड होते. पास्कालचा खेळाडू एकटा असतो. तो स्वतःचे आयुष्य लावितो आणि जिंकले हरले ते त्याचेच. डॉ. आंबेडकरांच्या मागे लाखो माणसे होती. दुसऱ्याचा आत्मा आपल्या गणितावर पणास लाविण्याचा अधिकार कोणास आहे? आम्हांस वाटते, येवल्यापासून नागपूरपर्यंत जी २१ वर्षे गेली त्यांचे रहस्य पुष्कळअंशी ह्यातच आहे. एरवी जो पुरुष इतक्या शीघ्र निर्णयाचा, तो ह्याच बाबतीत इतका संथ का झाला? प्रथम त्यांचा ओढा शीख धर्माकडे होता. त्यांनी काही अनुयायी अभ्यासासाठी अमृतसरास धाडिले. पुढे तो विचार मावळला.

ख्रिस्ती धर्माचीही त्यांनी अशीच तपासणी केली. बुद्ध व ख्रिस्त ह्या दोन व्यक्तींविषयी त्यांस विशेष आदर होता, हे सन १९३८ च्या आरंभी सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळींपुढे त्यांनी सांगितले. आणि त्याच सभेत ख्रिस्ती लोकांत जातिभेद राहिला आहे, ते अन्यायाविरुद्ध एकजुटीने उभे राहत नाहीत, असा दोषही पदरात घातला. ख्रिस्ती धर्मांतराविषयी त्यांनी लिहिलेले निबंध त्यांच्या हयातीत छापिले गेले नाहीत. ते महाराष्ट्र शासनाने १९८९ साली त्यांच्या लेखनाच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध केले. त्यांत ते पुसतात की स्नानसंस्कारानंतर अस्पृश्याच्या स्थितीत प्रत्यक्ष काय पालटले. देवालयातील वेगळ्या बैठका, वेगळी स्मशाने, ह्यांवर त्यांचे बोट बरोबर पडले आहे. कॅथोलिक वाचकांस ते निबंध वाचणे सुखाचे होणार नाही, तथापि वाचावेत. एक मात्र आम्ही नम्रपणे म्हणू: वृक्षाची परीक्षा फळावरून व्हावी हा नियम आपल्या शुभवर्तमानाचाच आहे, त्या नियमाने कोणी आपणांस तपासिले तर तक्रार कशाची करावी?

पास्काललाही ह्या हिशेबावर आपली श्रद्धा उभारावयाची नव्हती, हे पुष्कळजण विसरतात. त्याची श्रद्धा ता. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्रीच्या एका अनुभवातून दृढ झाली. त्याची टिपणी त्याने अंगरख्याच्या अस्तरात शिवून ठेविली होती आणि ती मृत्यूनंतरच सापडली. पणाचा युक्तिवाद दाराशी अडलेल्यांस उंबरठ्यापर्यंत आणण्यासाठी होता. बुद्धी पटूनही मन वळत नसेल तर भाविकाप्रमाणे आचरण सुरू करावे, मिस्सा ऐकावी, पवित्र जल घ्यावे, म्हणजे हळूहळू मन वळेल, असा उपायही त्याने सांगितला. आपल्या धर्मसभेची शिकवणही अशीच की श्रद्धा बुद्धीच्या विरुद्ध नसली तरी केवळ बुद्धीने मिळत नाही. ती देणगी आहे. मग जो हिशेब करून आला त्याची श्रद्धा खोटी म्हणावी काय? तसेही म्हणवत नाही. तहानेने विहिरीवर आलेल्या माणसास, तू पाण्याच्या प्रेमाने आला नाहीस म्हणून कोणी परत पाठवीत नाही.

ह्या प्रश्नास आपल्या देशात कायद्याचेही अंग आहे. सन १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या; काही शीख जातींचा अपवाद होता. सन १९५६ साली त्या सर्व शीखांस व १९९० साली बौद्धांस मिळाल्या. ख्रिस्ती व मुसलमान झालेल्यांस त्या अद्याप नाहीत. म्हणजे १९५६ साली नागपुरास दीक्षा घेणाऱ्याने केंद्राच्या सवलती गमाविण्याची तयारी ठेवून ती घेतली, आणि त्या परत यावयास ३४ वर्षे लागली. सौद्याचा आरोप करणाऱ्यांनी हा आकडा आपल्या वहीत लिहून ठेवावा. उलट सवलतीसाठी, मनात श्रद्धा नसता, धर्म बदलल्याचे सांगणे ही संविधानाशी प्रतारणा होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली दिला. तेव्हा कोणाच्या मनात श्रद्धा आहे व कोणाच्या नाही, हे ताडण्याचे काम आता न्यायाधीशांसही करावे लागते.

डॉ. आंबेडकरांनी बुद्धाकडे वळताना दिलेली कारणे १९५० साली महाबोधी सभेच्या मासिकात आली. धर्म बुद्धीस व विज्ञानास धरून असावा, त्याने स्वातंत्र्य, समता व बंधुता मान्य करावी, आणि दारिद्र्यास पावित्र्य देऊ नये, ह्या त्यांच्या कसोट्या. परलोकाचे नाव त्यांत नाही. पण गंमत अशी की श्रद्धेचा पण ज्यांनी अगदी आरंभी मांडिला त्यांत खुद्द बुद्धाचीही गणना करावी लागते. पाली मज्झिमनिकायात अपण्णकसुत्त नामक एक प्रवचन आहे. कोसल देशातील साला गावच्या ब्राह्मण गृहस्थांस ते केले आहे. परलोक आहे की नाही ह्याविषयी ज्यांचा निश्चय होत नाही त्यांस बुद्ध तेथे फाशांचाच दृष्टान्त देतो. सदाचाराने वागणाऱ्याचे दान दोन्ही बाजूंनी पडते: परलोक असला तर तेथे सद्गती, नसला तरी येथे सुज्ञांकडून आदर. दुराचाऱ्याचे दोन्ही बाजूंनी हरते. केसपुत्त गावच्या कालामांस दिलेल्या उपदेशातही हाच विचार आहे. पास्कालच्या पणाहून ह्यात एक भेद मोठा आहे. पास्कालास मनाने मानणे हवे आहे. येथे वागणे पुरे आहे. आणि हाती येणारे फळ अनंत नसून ह्याच जन्मीचे असल्यामुळे अनेक दवंडीवाल्यांचा गोंधळही पुष्कळ कमी होतो, कारण चोरी करू नये, खोटे बोलू नये, ह्याविषयी त्यांचे भांडण नाही. अर्थात ज्यास सदाचाराहून अधिक काही हवे, ज्यास क्षमा करणारा कोणी हवा, त्याची भूक ह्याने भागेल असे आम्हांस वाटत नाही. तो आमचा व त्यांचा मतभेद होय, व तो मतभेदच राहील.

महाडहून मुंबईच्या वाटेवर गांधारी व सावित्रीच्या संगमानजीक गंधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत, सुमारे तीस. ज्या गावात १९२७ साली तळ्याचे पाणी वर्ज्य होते, त्याच्या वेशीवर त्या धर्माचे विहार दीड हजाराहून अधिक वर्षे रिकामे उभे होते. आज पोलादपुरापासून दासगावापर्यंत बौद्धवाडी नाही असे गाव विरळा.

ता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीस, नागपुरास कुशिनाऱ्याचे वृद्ध भिक्खू चंद्रमणी ह्यांच्याकडून त्यांनी त्रिशरण व पंचशील घेतले आणि मग स्वतः लाखो लोकांस दीक्षा दिली. सोबत बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या बहुतेक आचाराच्या आहेत: अमुक करणार नाही, अमुक पाळीन. मनाने काय मानावे ह्यापेक्षा हाताने काय करावे ह्यावर भर. पवित्र जल घेऊन आरंभ करा म्हणणारा पास्काल हे पाहून हसला असता व त्यास ते समजलेही असते.

त्या वेळी त्यांची प्रकृती खंगली होती. मधुमेहाने पाय चालेनासे झाले होते. बुद्ध व त्याचा धम्म हा ग्रंथ पुरा करण्याची घाई लागली होती. ता. ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीच्या घरी त्यांनी त्या ग्रंथाची प्रस्तावना पुन्हा पाहण्यासाठी उशाशी मागून घेतली. सकाळी ते उठले नाहीत. देह विमानाने मुंबईस आला. ता. ७ डिसेंबर रोजी दादरच्या चौपाटीवर चिता पेटण्यापूर्वी, जमलेल्या लोकांपैकी ज्यांची दीक्षा राहिली होती त्यांनी ती तेथेच मागितली आणि भदंत आनंद कौसल्यायन ह्यांनी दिली. त्यांची संख्या लाखाच्या घरात होती. ग्रंथ पुढील वर्षी, १९५७ साली, बाहेर पडला.